फवारलेली लवंगी

चंदनसारच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आलं की आधी मिरच्या दिसायच्या आणि मग दारं. पॅसेजच्या कठड्याला लागून रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, एक बिनझाकणाचा कुकर, जे हाती लागेल त्यात लवंगी लावलेली. मिरच्या बोटाच्या पेराएवढ्याच, पण थेट आभाळाकडे तोंड करून उभ्या. मालकीण सुरुची, इयत्ता नववी. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती या मिरच्यांच्या जिवावर विज्ञान प्रदर्शनात माइक हातात घेऊन बोलली होती. ‘घरच्या घरी विषमुक्त मिरची’ असं प्रकल्पाचं नाव. पहिला नंबर. तेव्हापासून पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मजल्यावरचा रिवाज असा, की मिरची कुणाच्या हातात द्यायची नाही. हातात दिली की भांडण लागतं. म्हणून ज्याला हवी त्याने यावं आणि आपल्या हाताने तोडून न्यावी. विचारू नका, धुऊसुद्धा नका, असं सुरुचीच सगळ्यांना छाती फुगवून सांगायची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शेजारी एकट्या राहणाऱ्या रंभा आजी. मूळच्या माण तालुक्यातल्या. ठेच्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकरी उतरायची नाही.

आणि मग पानं मुरडायला लागली. शेंड्याकडची पानं होडीसारखी वळली, फुलं गळून पडली. सुरुचीने ताक शिंपडून पाहिलं, निंबोळीचं तेल मारून पाहिलं, काही फरक नाही. इकडे येत्या शनिवारी शाळेतून बाई झाडांचा व्हिडिओ काढायला येणार होत्या. काय दाखवायचं त्यांना, हे आजारी झाडांचं हॉस्पिटल?

रविवारी ती वटार गावी गेली होती, वर्गातल्या जॉयसकडे. जॉयसच्या पप्पांची, गॅब्रिएल अंकलची, तिथे भाजीची वाडी आहे. शेडमध्ये औषधाचा डबा दिसला. हे मारलं की पानं सरळ होतात, असं जॉयस सहज बोलून गेली. ती पाणी आणायला घरात वळली तेवढ्यात सुरुचीने आपल्या रिकाम्या बाटलीत थोडं ओतून घेतलं. अंकल एका पंपाला एक टोपण घालतात, एवढं तिला माहीत होतं. पंप म्हणजे पाठीवरचा भलामोठा, आणि आपल्याकडे आहे तो इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायचा, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी शाळेला निघण्याआधी तिने स्प्रेत टोपणभर औषध टाकलं आणि झाडांना अक्षरशः न्हाऊ घातलं. कुणी पाहिलं नाही. सांगायचं तर ‘विषमुक्त’चं काय, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. आल्यावर बघू, तोवर कोण तोडतंय, असं म्हणून ती जिना उतरली.

दुपारी दप्तरासकट वर आली आणि कुकरमधल्या झाडापाशी थबकली. मातीवर हिरवे देठ पडले होते, ताजे. मिरची तोडली की देठ तिथेच खुडून टाकायची सवय साऱ्या मजल्यावर एकाच माणसाला होती.

सुरुचीने दप्तर तिथेच टाकलं. तिने आजींची बेल दाबली. आत टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं. तिने पुन्हा बेल दाबली, मग कडी वाजवली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. एकट्या माणसाचं दार उघडत नाही तेव्हा काय काय डोळ्यांसमोर येतं ते तिला त्या एका मिनिटात कळलं.

दार उघडलं. आजी उभ्या होत्या, उष्ट्या हाताने. डोळे लाल, नाकाला पदर.

ठेचा खाताना उठवलंस, म्हणत आजी परत पाटावर जाऊन बसल्या. ताटात भाकरी होती आणि तिच्यावर हिरवागार ठेचा. सुरुची तोंडात आलं ते बोलून गेली.

“आजी, नका खाऊ. मिरच्यांत अळी पडलीय.”

“असू दे की,” आजींनी तुकडा मोडला. “ती बी माझ्यासंगं तिखट खाती म्हनायची.”

हात तोंडाकडे निघाला. सुरुचीने एका झेपेत ताट ओढलं. ते फरशीवर आपटलं, भाकरी भिंतीपाशी जाऊन पडली. आजी आधी भाकरीकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिल्या.

“भरल्या ताटाला हात घातलास? माझ्या?”

“मी त्याच्यावर विष मारलंय, आजी. आज सकाळी. वाडीतलं औषध.”

आजींनी टीव्ही बंद केला.  किती खाल्लं, असं सुरुचीने विचारलं तेव्हा आजींनी एक बोट वर केलं आणि दुसरं अर्धं दुमडून दाखवलं. दीड भाकरी झाली होती.

तिने जॉयसला फोन लावला. रडत रडत अर्धंच सांगून झालं होतं तेवढ्यात गॅब्रिएल अंकलनी फोन घेतला. ते ओरडले नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ते एकेक विचारत गेले. घाम येतोय का? डोळ्यांतून पाणी? नाक गळतंय? तोंडात लाळ सुटलीय?

सुरुचीने आजींकडे पाहिलं. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, नाकाला पदर. सगळं होतं. पण हे सगळं रोजच असायचं. लवंगीचा ठेचा खाताना आजी अशाच दिसायच्या आणि सुरुची त्यांना नेहमी हसायची.

“अंकल, हे तर त्यांना मिरचीनंपण होतं,” ती म्हणाली. “मला कळतच नाहीये.”

 मग अंकल म्हणाले, “कळायची वाट बघू नको, बाय. उलटी काढू नको, घरगुती उपाय करू नको. सरळ डॉक्टरकडे ने. मी डब्याच्या लेबलचा फोटो पाठवतो.”

समोर राहणाऱ्या ग्रेसी आंटी शिक्षिका, शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. आजींनी खाल्लेल्या मिरच्यांवर औषध होतं, एवढंच सुरुचीने सांगितलं; त्यांनी साडीसुद्धा बदलली नाही, खाली जाऊन रिक्षाच थांबवली. आजी काही केल्या उठेनात. मिरचीनं कुनी मरतं का, म्हणायच्या. शेवटी आंटींनी त्यांना एका बाजूने धरलं, सुरुचीने दुसऱ्या, आणि दोघींनी मिळून त्यांना जिना उतरवला.

रिक्षात पहिल्या वळणापर्यंत आजींचं तोंड चालू होतं. पोरीनं अन्न उधळलं, आमच्याकडं अशा पोरीला घरात घेत नाहीत. मग बोलणं कमी झालं. मग थांबलं. त्या पदरात थुंकायला लागल्या, पुन्हा पुन्हा. रिक्षा खड्ड्यात आदळली तसा त्यांचा हात सुरुचीच्या मनगटावर आला आणि तिथेच घट्ट बसला. हात ओला होता, थंडगार. बोला ना आजी, शिव्या द्या, असं सुरुचीला म्हणायचं होतं. ती समोरच्या ट्रकचा नंबर वाचत राहिली, कारण आजींच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

“मळमळतंय गं,” आजी हळूच म्हणाल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आजींच्या डोळ्यांत टॉर्च मारला, एकदा, पुन्हा एकदा. ग्रेसी आंटींनी ठेच्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, तिखटाने डोळ्यांत पाणी येतं, पण बाहुल्या अशा टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत. औषध कुठलं? कुणी मारलं? किती?

आंटींनी सुरुचीकडे पाहिलं. त्यांना तोवर वाटत होतं की झाडांवर बिल्डिंगमध्ये डासांची धुरी करायला येणाऱ्याने काही मारलं असेल. सुरुचीने मोबाइलवर आलेला फोटो पुढे केला आणि सांगितलं. मी मारलं. एवढ्याशा स्प्रेत एक टोपण. सगळ्यांना सांगत होते की धुवायची गरज नाही. आवाज असा निघत होता की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं.

मग पडदा ओढला गेला.

बाकावर बसून तिने आईला फोन केला. आई ऑफिसातून निघाली होती, पण पोहोचायला वेळ लागणार होता. ग्रेसी आंटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोझरी करत होत्या. मण्यांवर बोटं सरकत होती, पण तोंड त्यांनी सुरुचीकडून फिरवलं होतं. पडद्याआडून भांड्याचा आवाज आला, कण्हणं आलं, नर्सची चप्पल आली-गेली. सुरुचीला वाटलं, आता पडदा सरकेल आणि कुणीतरी मान हलवेल. सिनेमात हलवतात तशी. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

पडदा सरकला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. इंजेक्शन लागू पडतंय, बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्यात, डॉक्टर म्हणाल्या. पण आत्ताच सुटलो असं म्हणू नका, उद्यापर्यंत इथेच ठेवावं लागेल.

आजी उशीला टेकून पडल्या होत्या, हाताला सलाइन. एवढ्या लहान त्या कधी दिसल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीतला मोबाइल वाजायला लागला. त्यांचा मुलगा प्रितेश, नाशिकहून. रोज याच वेळेला करायचा.

आजींनी डोळे उघडले. इंजेक्शनने तोंड कोरडं ठाक पडल्यामुळे शब्द नीट सुटत नव्हते. “त्याला म्हनावं, ठेचा बाधला. उगं घाबरंल.” मग थोडं थांबून, सुरुचीकडे न बघता त्या म्हणाल्या, “तुला बी बोलनी बसतील.”

ग्रेसी आंटींनी मणी थांबवले. फोन वाजत राहिला. प्रितेशदादा अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून. गेल्या दिवाळीत त्याने पार्किंगवरून सेक्रेटरीला रडवलं होतं. सुरुचीने फोन उचलला. तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“हॅलो, आई?”

“दादा, मी सुरुची, शेजारची. आजी दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आहेत, बोलतायत,” ती म्हणाली, आणि तिला वाटलं आता आवाज फुटणार नाही. फुटला. “त्यांनी ठेचा खाल्ला. त्या मिरच्यांवर मी विष मारलं होतं, आणि त्यांना सांगितलं नव्हतं.”

 पलीकडे खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला. सुरुचीने डोळे घट्ट मिटले आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.