रविवारपर्यंतचाच प्रश्न

धर्माजींनी चप्पल सोडली ती फक्त चार दिवसांसाठी. बुधवार होता. डिंगोऱ्यात भैरवनाथासमोर गावच्या फुटबॉल संघाचं उद्घाटन चाललं होतं, माइक फिरत फिरत धर्माजींच्या हातात आला, आणि हातात माइक आला की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. "आपला संघ एक तरी मॅच जिंकंपर्यंत मी पायात चप्पल घालणार न्हाई!" असं म्हणून त्यांनी तिथंच चपला काढल्या आणि देवळाच्या पायरीवर ठेवल्या. टाळ्या पडल्या. आपल्याकडे साहेब मंत्री होईपर्यंत वर्षानुवर्षं अनवाणी फिरणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्या मानानं हा नवस अगदीच किरकोळ होता, कारण पहिली मॅच रविवारीच होती.

घरी आल्यावर साळुबाईंनी नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"चपला कुठं टाकल्या?"

"रविवारपर्यंतचाच प्रश्न हाय," धर्माजी म्हणाले.

त्या गोष्टीला चार वर्षं झाली.

एवढ्या काळात संघ एकोणचाळीस मॅच खेळला. पस्तीस हरला, चार बरोबरीत सुटल्या. त्या चारांपैकी एका वेळी समोरच्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला होता आणि त्यांचे सातच जण मोटारसायकलींवरून पोचले होते. तरीही आम्ही बरोबरीत राहिलो, याचं श्रेय मात्र आमच्या पोरांना द्यायला हवं. संघाचं नाव 'बिबट्या'. आमच्या शिवारातला खरा बिबट्या आठवड्याला एखादी शेळी तरी नेतो. त्याच्या नावाचा असा वापर त्याला कळला असता, तर तो कधीच दुसऱ्या तालुक्यात गेला असता.

मुळात क्रिकेट आणि बैलगाडा शर्यतींच्या या मुलखात फुटबॉल आला तो कोल्हापूरच्या एका मास्तरांबरोबर. मास्तरांची दोन वर्षांत बदली झाली, ते परत गेले. फुटबॉल राहिला. टोमॅटोच्या मांडवाच्या बांबूंचे गोलपोस्ट झाले, शेडनेटची जाळी झाली. जाळीचा रंग हिरवा असल्यानं आत गेलेला बॉल लांबून नीट दिसायचा. आमच्या बाजूला तो वारंवार दिसायचा.

धर्माजी प्रत्येक मॅचला आमच्याच गोलच्या मागे उभे राहत. कुणी विचारलं तर म्हणत, "खेळ इकडंच असतो ना राव. तिकडं जाऊन काय बघू?" सात-शून्य हरलो तेव्हा ते म्हणाले, "पहिली अकरा मिनिटं शून्य-शून्य व्हतं, ते कुणी बोलत न्हाई." पुढची मॅच पाच-शून्य गेली, तर, "दोन गोलांची सुधारणा!" एकदा आमच्याच पोरानं आमच्याच गोलात बॉल मारला. गाव डोकं धरून बसलं. धर्माजी म्हणाले, "पण मारला कसा ते बघा की. गोलीला हलू दिलं न्हाई. ही कला हाय, फक्त दिशा द्यायची राहिली."

हरण्याची कारणं गावानं बरीच शोधली. मैदानाचं तोंड दक्षिणेला आहे, वारा उलटा आहे, जर्सीचा पिवळा रंग लाभत नाही. बुटांचा विषय मात्र कुणी काढायचा नाही.

बूट धरमचंद शेठनी दिलेले. आळेफाट्याला त्यांचं पादत्राणांचं दुकान आहे. तीन पिढ्यांपूर्वी मंडळी राजस्थानातून आली. आता शेठ मराठीतून भांडतात आणि मराठीतूनच भाव कमी करतात. दुकानात चामड्याचं काही ठेवत नाहीत, सगळं रबर, कॅनव्हास आणि प्लास्टिक. उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या मनानं त्यांनी अकरा जोड दिले आणि चार वर्षांत दोनदा बदलूनही दिले. शेठना फुटबॉलमधलं एकच कळत होतं: संघ म्हटला की सगळं सारखं पाहिजे. जर्सी सारखी, चड्डी सारखी, म्हणून बूटही सारखे. अकराच्या अकरा जोड नऊ नंबरचे.

कॅप्टन सूरजचा पाय सात नंबरचा. तो पुढं चिंध्या कोंबायचा आणि वरून सुतळी बांधायचा. तरी जोरात शॉट मारला की बूट सुटायचा. आजवर त्याचा बूट तीनदा गोलात गेलाय, बॉल एकदाही नाही. गोली भिका याचा पाय अकरा नंबरचा, त्यामुळे तो टाच चेपून बूट सपातेसारखे घालायचा आणि सपाता घातलेल्या माणसासारखाच धावायचा. पण शेठ प्रत्येक मॅचला हौसेनं खुर्ची टाकून पुढं बसायचे. त्यांच्यासमोर दुसरे बूट घालायचे कसे? आणि दिलेल्या वस्तूच्या नंबरात खोट काढणं तर आपल्याकडे बरंच दिसत नाही. खुर्चीखाली शेठ आणखी एक खोकं ठेवायचे. त्यात धर्माजींसाठी रबरी चप्पल होती, नऊ नंबर. धर्माजींना मात्र नऊच लागायचा. खोकं चार वर्षं दर मॅचला यायचं आणि परत जायचं. त्याचे कोपरे झिजले होते.

गेल्या माघात धर्माजींच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम राहिली. ओतूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली.

"काका, आजपासून चप्पल. घरातसुद्धा. ही जखम वाढली तर पाय वाचवणं अवघड होईल."

"घालतो की. रविवारी घालतो."

डॉक्टर नवीन होते. त्यांना बरं वाटलं.

पण तो रविवार गेला, पुढचाही गेला. धर्माजी टाचेला प्लास्टिकची पिशवी बांधून, वरून धोतराचा सोगा सोडून हिंडत होते. साळुबाईंनी भैरवनाथाच्या पुजाऱ्याला घरी आणलं. पुजारी म्हणाला, "पाच नारळ द्या, नाथ मोकळं करंल."

"नाथ करंल हो," धर्माजी म्हणाले. "त्याला मी समजावून सांगीन. पोरांना काय सांगू? सगळ्या गावानं आशा सोडली, एक म्हातारा राहिला व्हता, त्यानंबी चप्पल घातली? दुसऱ्या दिवशी मैदानावर कोण येईल?"

पुजारी नारळांविनाच परत गेला. पण साळुबाईंना माहेर होतं.

साळुबाईंचं माहेर महाळुंगे पडवळ. तिथला संघ दरवर्षी आळेफाट्याचा चषक नेतो, आणि त्याचा कॅप्टन बाळासाहेब हा साळुबाईंचा सख्खा भाचा. पुढच्या रविवारी गाठ त्यांच्याशीच होती. साळुबाई एसटीनं गेल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बाळासाहेब, रविवारी हरा."

बाळासाहेबाच्या हातातली बशी तिरकी झाली. "आत्या, आमी चार वर्षं चॅम्पियन हाय!"

"म्हणून तर तुला जड वाटतंय. सवय न्हाई ना. आमच्या पोरांना विचार, काही व्हत न्हाई. रात्री झोपबी चांगली लागते."

"आत्या, पण असं कसं..."

"तुझ्या मामांचा पाय जाईल."

बाळासाहेबानं बशी खाली ठेवली. आत्याच्या नवऱ्याला तो मामा म्हणायचा, आणि लहानपणी याच मामांच्या खांद्यावर बसून त्यानं जत्रा पाहिली होती.

रविवार आला. आळेफाट्याच्या मैदानावर, तिथंही बांबूचेच गोल आणि हिरवीच जाळी, पाच-सहाशे माणूस. हॉटेलांतले वेटर, गॅरेजवाले, नाशिकच्या गाडीची वाट बघणारे पाहुणेसुद्धा पिशव्या घेऊन येऊन उभे. शेठ खुर्चीवर, खोकं खुर्चीखाली. साळुबाई पहिल्यांदाच मॅचला आलेल्या.

शिट्टी वाजली आणि महाळुंगेकरांनी हरायला सुरुवात केली. पण हरणं हेही एक कसब आहे, आणि त्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. बाळासाहेबानं बॉल सरळ सूरजच्या पायात दिला. सूरज गोंधळला, त्याला वाटलं याचं चुकलं असेल, त्यानं तो सभ्यपणे परत दिला. मग त्यांचा गोली गोल सोडून बाजूला जाऊन लेस बांधत बसला. रिकामा गोल, समोर सूरज! त्यानं जीव खाऊन शॉट मारला. बूट जाळीत गेला, बॉल बांबूला लागून बाहेर आला.

"जवळ आलाय!" आमच्या गोलमागून धर्माजी ओरडले. "लई जवळ आलाय!"

शेवटी बाळासाहेबानं वैतागून, नुसता बॉल लांब घालवायचा म्हणून, अर्ध्या मैदानातून एक उंच टोला हाणला. तो वाऱ्यावर तरंगत आला. भिका मागे धावला, सपाता अडखळली, भिका पडला आणि बॉल त्याच्यावरून आत गेला. एक-शून्य. बाळासाहेबानं कडेला उभ्या असलेल्या आत्याकडे पाहून कान धरले.

चॅम्पियन गोल करून कान धरतो, हे धर्माजींनी पाहिलं. चार वर्षं गोलमागे उभं राहिलेल्या माणसाला समोरच्याचा खेळ आपल्या गोलीपेक्षा चांगला कळतो. मध्यंतराची शिट्टी होताच ते लंगडत थेट बाळासाहेबापुढं गेले.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय मामा?"

"तू आमाला सात-शून्य हरवलं, मी टाळ्या दिल्या. का? तर तू मनापासून खेळत व्हता. आज भीक घालतो व्हय आमाला?"

बाळासाहेबाची नजर आत्याकडे गेली. साळुबाई पुढं आल्या.

"मीच सांगितलं. त्याला कशाला बोलता? दाखवा पोरांना तुमची टाच! दाखवा! डॉक्टर म्हणतो पाय जाईल, आणि हे म्हणतात रविवारी घालतो!"

धर्माजींनी सोगा खाली ओढला, पण उशीर झाला होता. सूरजनं पिशवी पाहिली, पिशवीतली पट्टी पाहिली, पट्टीवरचा डाग पाहिला. पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काका, चप्पल घाला."

"तू जिंक. घालतो."

 सूरज खाली बसला आणि बुटाची सुतळी सोडू लागला. "तुमी चप्पल घालंपर्यंत मी बूट घालणार न्हाई. भैरवनाथाची शपथ." भिकानं सपाता भिरकावल्या. बघता बघता अकरा जोडांचा ढीग झाला.

रेफ्री म्हणून आलेले पीटीचे सर म्हणाले, "अहो, असं चालत नाही. समोरच्यांच्या बुटाखाली पाय आला तर?"

"मग आमीबी काढतो," बाळासाहेब म्हणाला. "आणि मामा, आता बघा. एक बॉल फुकट देणार न्हाई."

"हां! आता कसं बोललास!" धर्माजी म्हणाले आणि पुन्हा आपल्या गोलमागे गेले. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तिथं करमेना, कारण खेळ तिथं नव्हता. बावीस अनवाणी पोरांत आमचे अकरा वेगळेच दिसत होते. भिका उडी मारत होता! तो उडी मारू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. सूरज वळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. पासष्टाव्या मिनिटाला त्यानं डाव्या पायानं शॉट मारला. लोक सवयीनं बूट कुठं गेला ते शोधू लागले. हिरव्या जाळीत बॉल होता.

एक-एक! पाहुण्यांची नाशिकची गाडी गेली, कुणी हललं नाही.  धर्माजींनी गोलचा बांबू घट्ट धरला.

बाळासाहेबानं शब्द पाळला. शेवटच्या पाच मिनिटांत तो तिघांना चुकवून आला आणि भिकाच्या बोटांना घासून गोल केला. दोन-एक. शिट्टी. हरलो. चाळिसावी मॅच.

पोरं मैदानात बसून राहिली. आत्ता कुठं त्यांच्या लक्षात आलं की आपण जिंकलो नाही, म्हणून काका चप्पल घालणार नाहीत, म्हणून आपणही बूट घालणार नाही. हे कुठंवर जाणार? तेवढ्यात धरमचंद शेठ खोकं घेऊन आले.

"सूरज, एक विचारू? आज तुझा बॉल एवढा सरळ कसा गेला?"

 पोरं एकमेकांकडे बघू लागली. साळुबाईंचा आधीच सगळ्यांवर राग होता, त्यात शेठचीही भर पडली.

"शेठ, त्याला सात नंबर लागतो. त्या भिकाला अकरा."

"मग नऊ का घातला?"

"तुमी दिला म्हणून!"

"चार वर्षं?"

"तुमाला वाईट वाटलं असतं," सूरज पुटपुटला.

शेठ मटकन जमिनीवर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा ते खुर्ची सोडून बसले असतील. मग खिशातून पेन काढून त्यांनी चपलेच्या खोक्याचं झाकण उलटं केलं. "सांगा एकेकानं. लाजू नका. सूरज सात. भिका अकरा. तू रे?"

धर्माजी हे सगळं उभ्यानं ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे चार वर्षं आपण खेळानं हरलोच न्हाई! नंबरानं हरलो!"

"खेळानंबी थोडं हरलो, काका," सूरज म्हणाला.

"ते सुधारंल. दोन-एक म्हंजे काय? एकाच गोलाचा फरक! आणि चावी सापडली. आता जिंकणार हे नक्की झालं, फक्त तारीख राहिली." असं म्हणून त्यांनी झाकण नसलेल्या खोक्यातून चप्पल काढली, खाली ठेवली आणि आधी दुखरा पाय, मग दुसरा, आत सरकवला. "नऊ. बरोबर बसली."

"आणि नवस?" साळुबाईंनी विचारलं.

"ही ॲडव्हान्स घातली. नाथाला म्हणतो, रविवारपर्यंतचाच प्रश्न हाय, तेवढं सांभाळून घे. उठा रे पोरांनो, तुमी मोकळे."

पुढच्या रविवारी अकरा वेगवेगळ्या नंबरांचे कोरे बूट घालून बिबट्या मैदानात उतरला. धर्माजी पहिल्यांदाच समोरच्यांच्या गोलमागे उभे राहिले होते, चपलेसहित. आम्ही तीन-दोन हरलो.

साळुबाईंनी लगबगीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. चप्पल जागेवर होती.

"तसं बघू नको," धर्माजी म्हणाले. "नवे बूट हायेत. पहिल्या दिवशी चावणारच."