पांढऱ्या खड्यांचा हुकूम

माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाने टेबलावरून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, इथे खाली सही करा."

मी त्याची आत्या. तो रांगत होता तेव्हा कुंडीतली माती खायचा आणि मी बोट घालून त्याच्या तोंडातून ती काढायची. पण तो या इमारतीचा व्यवस्थापक झाला त्याच संध्याकाळी घरी येऊन मला सांगून गेला, "आत्या, ऑफिसात नातं दाखवू नकोस हं. लोक म्हणतील वशिला." त्याच्या आधी अकरा वर्षं मी तिथली झाडं सांभाळत होते. वशिला कोणाचा कोणाला, हे मी विचारलं नाही. पोर खुर्चीत नवं होतं. तेव्हापासून ऑफिसात मी मावशी आणि तो साहेब.

कागद मी सावकाश वाचला. घाईने मला वाचता येत नाही. "प्रवेशद्वारावरील बारा कुंड्यांतील अनंताची झाडे माळीकाम करणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे खराब झाली आहेत." पुढे होतं, की झाडं काढून प्लास्टिकची ठेवायची आणि बाईंना कामावरून कमी करायचं.

"निष्काळजीपणा कोणाचा?" मी विचारलं.

"अहो, ती नुसती लिहायची भाषा असते. कारण काहीतरी द्यावं लागतं. तुम्हाला दुसरीकडे लावून देतो की मी."

"लिहायचीच भाषा असेल तर माझ्या जागी तुमचं नाव घाला. वाचायला तितकंच बरं वाटेल."

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आत्या, हट्ट करू नकोस. सोमवारी मोठ्या बाई येणार आहेत." इमारत त्यांच्या मालकीची.

"मग सोमवारीच बघू," म्हटलं आणि उठले.

पायऱ्या उतरताना 'निष्काळजीपणा' हा एकच शब्द डोक्यात घोळत होता. काम गेलं असतं तर गेलं असतं, या वयात घरी बसायला मला कोणी हसलं नसतं. पण तो शब्द घेऊन घरी बसायचं? त्या बारा अनंतांच्या फांद्या मी स्वतः लावल्या होत्या. त्यांना मुळं फुटेपर्यंत काचेच्या बशीसारखं जपलं होतं.

झाडं आजारी होती, हे खरंच. नवं पान यायचं ते पिवळं, आणि त्यावर शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या. जुनी पानं मात्र धड. साहेब म्हणाले खत कमी पडतंय, मी खत वाढवलं. साहेब म्हणाले पाणी जास्त होतंय, मी पाणी कमी केलं. हुकूम त्यांचे, आणि प्रत्येक वेळी पान पिवळं पडलं की बोट माझ्याकडे.

अनंताला जराशी आंबट माती लागते. माती आंबट की चुनखट हे सांगणाऱ्या आकड्याला आम्ही सामू म्हणतो; माती जितकी आंबट, तितका सामू कमी. सामू चढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. ताट वाढलेलं असतं, पण तोंड शिवलेलं. एवढं मला कळत होतं. पण सामू चढला कशाने? नळाचं पाणी तर इतकी वर्षं तेच होतं.

मागच्या जिन्यापाशी, पहारेकऱ्याच्या स्टुलाशेजारी, तेरावी कुंडी होती. त्याच झाडाची फांदी, तेच पाणी, माझाच हात. पानं हिरवीगार, तेल लावल्यासारखी. मी तिथे उभी राहून बघत राहिले. फरक एकच होता. लॉबीची फरशी नवी केली तेव्हा संगमरवराचे खडे पोतीभर उरले होते, ते साहेबांनी शोभेसाठी पुढच्या कुंड्यांत पसरायला लावले. तेराव्या कुंडीपर्यंत ते पुरले नव्हते.

संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. "एवढ्याशा खड्यांनी काय होतंय," असं उत्तर मिळालं होतं. पण दगड हळूहळू झिजतो, आणि झाडं तर सहा महिन्यांत झोपली होती. मी पुढे जाऊन एक खडा उचलला. बोटं पांढरी झाली.

"हे काय रे?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"चुना, काकू. मोठ्या बाई यायच्या आधी दर दुसऱ्या शनिवारी खडे चुन्याच्या बादलीत बुडवून परत मांडतो. साहेबांचा हुकूम आहे. पांढरेशुभ्र दिसले पाहिजेत म्हणाले."

शनिवारी माझी सुट्टी असते.

"आणि बादलीत उरलेलं पाणी?"

"कुंड्यांतच ओततो ना. पायरीवर सांडलं तर डाग पडतात, साहेब ओरडतात." माझं तोंड बघून तो उभाच राहिला. "मला वाटलं, झाडांना दूध पाजतोय."

त्याच्यावर काय रागवायचं. सहा महिने झाडांना चुना पाजणारा माणूस वर खुर्चीत बसून माझा निष्काळजीपणा टाइप करत होता.

शुक्रवारी मी माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून सामूप्रमाणे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आणल्या आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. पुढच्या कुंडीतली माती एका पेल्यात, तेराव्या कुंडीतली दुसऱ्या पेल्यात. पाणी घालून ढवळलं, अर्धा तास निवळू दिलं, मग पट्ट्या बुडवल्या. तेरावीची पट्टी पिवळसर, सहाच्या जरा खाली. पुढचीची गडद निळसर हिरवी, आठाच्याही वर.

त्या शनिवारी सुट्टी असून मी गेले आणि चुन्याच्या बादलीपाशी स्टूल टाकून बसले. पहारेकऱ्याने बादलीला हात लावला नाही.

सोमवारी मोठ्या बाई पायऱ्या चढत होत्या तेव्हा मी दोन पेले घेऊन उभी होते. साहेब पुढे झाले. "मावशी, आत्ता नको."

"बाई, कागदावर सही करायची आहे मला," मी म्हटलं. "पण त्याआधी एवढं बघा."

त्यांनी पाहिलं. पट्ट्या पाहिल्या, खडा उचलून बोटाला लागलेला चुना पाहिला. "हे कोणी करायला सांगितलं?"

पहारेकरी साहेबांकडे बघत राहिला. साहेब म्हणाले, "तुम्हीच एकदा म्हणालात ना, खडे मळलेत."

"मळलेत म्हटलं होतं. त्याला साधं पाणी पुरलं असतं." मग माझ्याकडे वळून, "झाडं वाचतील?"

"सगळी नाही. दोन महिने द्या."

दुसऱ्या दिवशी साहेब व्हिनेगरची मोठी बाटली घेऊन खाली आले. "आंबटच हवंय ना? ओतून टाकू, आठवड्यात काम होईल."

"ती मुळं आहेत, लोणचं घालायचंय का त्यांचं? चढायला सहा महिने लागले, उतरायलाही वेळ लागणार. बाटली वर न्या."

खडे काढले. वरची चार बोटं माती खरवडून टाकली आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत भरलं. माती आंबट व्हावी म्हणून गंधकाची पूड चिमटी-चिमटीने मिसळली. नळाचं पाणी बंद करून एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादल्यांत धरलं, त्यात चुन्याचा अंश नसतो. पानांवर लोहाची फवारणी केली. दर आठवड्याला पट्टी बुडवली.

तीन झाडं गेली. ती उपटताना मुळांवर पांढरा थर होता. ती मुळं मी पाण्याखाली धरून धुतली, उगाचच. बाकीच्या नऊ झाडांना सातव्या आठवड्यात नवं पान आलं, शिरेपासून कडेपर्यंत हिरवं.

तेव्हा साहेबांनी नवा कागद आणला. "मातीतील दोषामुळे झाडे खराब झाली होती," असं लिहिलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. त्यांना वाटलं, मी खूश होईन.

"मातीने काय केलं?" मी विचारलं. "तिला बोलता येत नाही म्हणून तिच्यावर ढकलताय?"

"मग काय लिहू?"

"झालं ते."

पहारेकरी दारात उभा होता, ऐकत. साहेबांनी ओळ खोडली आणि पेनाने वर लिहिलं, की खडे चुन्यात बुडवण्याची सूचना व्यवस्थापकांची होती आणि बाईंनी झाडे वाचवली. मी वाचायला घेतलं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं, शेवटच्या टिंबापर्यंत. ते पेन धरून उभे होते.

मी सही केली.

"झालं समाधान, आत्या?" त्यांच्या तोंडून निघालं.

पहारेकऱ्याने मान वर केली.

"साहेब," मी म्हटलं, "ऑफिसात नातं दाखवू नका."