बिबा-सानचा पक्षी

“बिबा-सान, श्वास,” आमच्या प्रमुख किताओ-सान हलकेच म्हणाल्या.

मी श्वास धरला. एकोणीस वर्षं झाली तरी मला हे सांगावं लागतं. चिमट्याच्या टोकाशी अंगठ्याच्या नखाएवढं रेशमी कापड होतं, बाराशे वर्षांचं, आणि माझ्या एका उसाशाने ते टेबलाखाली गेलं असतं. उसासे तर अलीकडे फार येतात. पाठ धरते, डोळे चुरचुरतात, आणि पुढच्या शुक्रवारी माझा इथला शेवटचा दिवस आहे.

माझं नाव विभा. जपानी जिभेला ते पेलत नाही, म्हणून इथे मी बिबा. माझ्या नवऱ्याने, जयप्रकाशने, पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘बिब्बा-सान’ करून टाकलं. तो ओसाकाच्या कंपनीत तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आला होता. तिनाची बावीस झाली. आता तो रिटायर झालाय आणि आम्ही पुण्याला परत चाललोय. मी आठवड्यातले चार दिवस ट्रेनने नाराला या कार्यशाळेत येते, अर्धवेळ कामाला. सासूबाई होत्या तोवर फोनवर विचारायच्या, “चिंध्या वेचायला जपानला जावं लागतं होय गं?”

खोटं नव्हतं त्यांचं. एका देवळाच्या पेट्यांतून जुन्या पताकांचे तुकडे आमच्याकडे येतात. तुकड्यांखाली धागे, धाग्यांखाली धूळ. टाकायचं काहीच नाही, धूळसुद्धा पाकिटात भरून वर नंबर घालायचा. तुकडा काचेवर ठेवायचा, ओल्या कुंचल्याने सुरकुती मोडायची, बांबूच्या काडीने एकेक धागा सरळ करायचा आणि पातळ खळ लावून कागदावर बसवायचा. दिवसाकाठी तळहाताएवढं काम उरकलं तर खूप झालं.

या कामाचे अहवाल छापले जातात. त्यांत किताओ-सानचं नाव असतं, तज्ज्ञांची असतात, आणि शेवटी ‘इतर’. मी त्या ‘इतर’मध्ये आहे. याचं मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, पण वाटतं.

एक पक्षी मात्र माझा होता. अकरा तुकडे जुळवून सहा महिन्यांत मी एकटीने तो उभा केला होता. विणलेल्या मोत्यांच्या गोलात, लाल जमिनीवर हिरवा पक्षी, चोचीत फांदी, नजर डावीकडे. त्याचं पोस्टकार्ड निघालं, ते आमच्या फ्रिजवर चौदा वर्षं चिकटलेलं आहे. घरी आलेल्या प्रत्येकाला मी ते दाखवलंय, गॅस दुरुस्तीवाल्यालाही.

आज चिमट्यात आलेल्या तुकड्यावर चोचीचं टोक होतं आणि अर्धं पान. माझ्या पक्ष्याची चोच तुटकीच होती. हरखून मी खणातून त्याचा कागद काढला आणि तुकडा शेजारी धरला. जुळेना. चिमट्याने उलटा केला, तर धाग्याला धागा लागला.

पण उलटा केल्यावर वर आली ती अस्तराची बाजू. तिथे अस्तराचे दोन टाके अजून शाबूत होते. अस्तर लागतं ते कापडाच्या उलट्या बाजूला. म्हणजे माझा पक्षी मी उलटा बसवला होता.

हे विणकामच असं, की नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते. तेव्हा एक बाजू झळझळीत होती आणि दुसरी विटकी. शालू घडीतून काढला की झळकते ती सुलटी बाजू, एवढंच माझ्या डोळ्यांना ठाऊक. मी झळझळीत बाजू वर घेतली आणि विटकी खळीने कागदाला चिकटवून टाकली. जन्मभर मी कपडे उलटे करून वाळत घातले, सुलटीचा रंग उडू नये म्हणून. देवळातली पताका कोण उलटी टांगेल? उन्हाने खाल्ली तीच सुलटी, आणि अस्तराआड राहिली म्हणून उलटी टवटवीत. हे मला तेव्हा सुचू नये?

किताओ-सान चहा करायला गेल्या होत्या. समोर धुळीचं पाकीट उघडं होतं. नखाएवढा तुकडा त्यात गेला असता, तर पुढची वीस वर्षं तरी कुणाला सापडला नसता. मी तो पाकिटात टाकला नाही, पण सांगितलंही नाही. काचेच्या बशीखाली झाकून घरी आले.

“जाऊ दे ना,” जयप्रकाश खोक्याला टेप लावत म्हणाला. “एक आठवडा राहिलाय. शेवटी शेवटी कशाला बिब्बा घालतेस?”

“घालून झालाय. चौदा वर्षांपूर्वी.”

“पण कळणारे कुणाला?”

“मला कळलंय ना.”

आमची मुलगी नेत्रा तोक्योच्या कोतो भागात राहते. तिला फोन केला, तर ती जपानीतच म्हणाली, “शोगानाइ, आई.” म्हणजे इलाज नाही. इलाज होता, हाच तर त्रास होता.

दुसऱ्या दिवशी मी किताओ-सानपुढे तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“तपासायचं माझं काम होतं,” त्या म्हणाल्या. “मलाही उजळ बाजूच आवडली होती.” मग म्हणाल्या, “खळ पातळ ठेवतो ती याचसाठी. सोडवू या.”

सोडवायला चार दिवस लागले. शुक्रवारी दुपारी शेवटचा तुकडा मी सुलटा केला. लाल पक्षी चहाच्या डागासारखा फिकट झाला होता, जमिनीचा हिरवा रंग शोधावा लागत होता. नजर उजवीकडे. नवा तुकडा जागेवर ठेवला आणि चोच पुरी झाली. मला रडू आलं. कापडावर पाणी पडू नये म्हणून मी खुर्ची मागे घेतली.

दुरुस्तीचं कार्ड भरावं लागतं. आधी कुणी बसवलं, आता कुणी बदललं. तिथे ‘इतर’ चालत नाही.

“पहिल्या ओळीत माझं नाव घालते,” किताओ-सान म्हणाल्या. “देखरेख माझी होती.”

“नको. हात माझे होते.”

त्यांनी दौत उघडली. पहिल्या ओळीत बिबा लिहिलं, दुसऱ्या ओळीत पुन्हा बिबा. सावकाश, सुरेख अक्षरात. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “या नावाचा अर्थ काय, बिबा-सान?”

विभा म्हणजे प्रकाश. पण त्या फिकट पक्ष्यासमोर ते सांगवेना.

“एक फळ असतं,” मी म्हणाले. “आमच्याकडे धोबी त्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करायचे. कपडा विरला तरी खूण जायची नाही.”

त्यांनी मान हलवली आणि कार्ड पक्ष्याशेजारी आडवं ठेवलं. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत आम्ही दोघींनी श्वास धरून ठेवला.