खुर्चीवरचा पहारा

"त्या सिनेमाचं नाव या घरात काढायचं नाही," असं मुलाने जेवता जेवता बजावलं, तेव्हा म्हातारीने न विचारता त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि म्हणाली, "घरात नाही काढत. ठाण्यात येऊन काढते."

मुलगा पोलीस ठाण्याचा प्रमुख होता. तो नुसता खाकरला तरी भले भले सरळ होत. म्हातारीला मात्र त्या खाकरण्यात त्याच्या लहानपणचा कफच ऐकू येई, त्यामुळे घरात त्याचा धाक तसा बेताचाच होता. सून खाली मान घालून जेवत राहिली. या दोघांच्या मध्ये पडायचं नाही, हे ती लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकली होती.

वादाला कारण झाली एक चष्मेवाली मुलगी. जुने, विसरलेले सिनेमे शोधत फिरायचं, हाच तिचा उद्योग. बंद पडलेल्या एका थिएटरच्या अडगळीत तिला 'हवालदार आणि खुर्ची' या सिनेमाची प्रत सापडली होती. ती पत्ता काढत घरी आली आणि म्हातारीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आजी, इतका चांगला विनोदी सिनेमा लोकांनी पाहिलाच नाही हो. मला तो पुन्हा लावायचाय." म्हातारीला वाटलं, हे वाक्य ऐकायलाच आपण इतकी वर्षं टिकलो.

तिच्या नवऱ्याने उभ्या जन्मात नाटका-सिनेमांतून दार उघडण्याचीच कामं केली. दार उघडायचं, "पाहुणे आलेत" म्हणायचं आणि निघून जायचं. नायक तो एकदाच झाला, तो या सिनेमात. पण पोलिसांची टिंगल केलीय म्हणून ओरड झाली, आणि ज्यांनी तो पाहिला नव्हता तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. थिएटरवाल्यांनी पाय लावून पळ काढला. आठवडा भरायच्या आत सिनेमा उतरला. नवऱ्याने मग बस स्थानकावर तिकीट खिडकीची नोकरी धरली आणि खिडकीआडच म्हातारा होऊन तो गेला. म्हातारीची आता एकच इच्छा उरली होती. भरलेल्या हॉलमध्ये लोक त्याला पाहून पोट धरून हसताहेत, हे तिला एकदा कानांनी ऐकायचं होतं.

हॉल मिळाला होता, पण हॉलवाला भित्रा निघाला. पोलिसांचं ना-हरकत पत्र आणा म्हणाला. आणि ते पत्र देणार कोण, तर पोटचा पोरगा. तो काही केल्या सही करेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी खरोखरच ठाण्यात हजर झाली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बसायची उशी. बाहेरच्या लाकडी बाकावर, पाकीट मारलं गेलेला एक माणूस आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन आलेली एक बाई यांच्यामध्ये तिने उशी टाकली आणि ऐसपैस बसली.

"आजी, इथं कशाला? थेट आत जा की," मोठ्या मिशांचा हवालदार गडबडून म्हणाला. "साहेब तुमचेच तर आहेत."

"मुलाकडे काम नाहीये माझं, साहेबांकडे आहे. नंबर लागला की हाक मार."

नंबर काही लागला नाही. साहेबाने काचेतून एकदा पाहिलं, खाकरला, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. म्हातारीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली; पाकीट आणि कुत्रा यांचाही नंबर अजून लागला नव्हता. बसून बसून कंटाळलेलं माणूस बोलायला लागतं, तशी ती बोलायला लागली. आणि बोलणार तरी कशावर?

"एक हवालदार असतो," तिने मिशीवाल्याला सांगायला सुरुवात केली. "त्याला हुकूम सुटतो. मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासाठी नवी खुर्ची आणलीय, तिच्यावर कुणी बसता कामा नये. झालं. हा उभा राहतो खुर्चीशेजारी. साहेब आज येत नाहीत, उद्या येत नाहीत. याला कुणी सांगत नाही की आता पुरे, जा घरी. ऊन चढलं की हा खुर्चीवर छत्री धरतो, स्वतः उन्हात. एक मांजर येऊन खुर्चीवर बसतं, तर मांजराला रीतसर अटक. त्याचा जबाबसुद्धा घेतो."

"मांजराचा?" पाकीट गेलेला माणूस आपलं दुःख विसरून जवळ सरकला.

"मांजर काही कबूल करत नाही. मग येतो तो चोर, ज्याच्या मागावर हा कित्येक वर्षं आहे. चोर दमलेला. म्हणतो, जरा टेकू का? हा म्हणतो, जमिनीवर बस, पाणी पी, पण खुर्चीला हात लावशील तर याद राख. पाणी पिऊन चोर उठतो, याला नमस्कार करतो आणि सावकाश चालत निघून जातो. हा शिट्ट्या फुंकतोय, पण मागे धावणार कसा? खुर्ची कुणावर सोपवायची?"

मिशीवाला हसता हसता भिंतीला टेकला. तिथे पहाऱ्याला असलेला उंच शिपाई, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो तर डोळे पुसायला लागला.

"आजी, यात खोटं काही नाही हो," मिशीवाला म्हणाला. "मागच्या वर्षी मी एका भिंतीला पहारा दिला. रंग ओला होता म्हणून. भिंत कुणाची, ते अजून कळलं नाही."

"तेच तर. लोक म्हणाले, पोलिसांची टिंगल केली. अरे, आमच्या यांनी तुमच्यासारख्या एका शिपायाचे बूट मागून आणले होते, मुद्दाम एक नंबर लहान. म्हणायचे, हसवायचं असेल तर पाय खरे दुखायला हवेत. टिंगल करणारा माणूस स्वतःच्या पायाला फोड आणून घेतो होय?"

"आणि शेवट? शेवटी काय होतं?" लंबूने विचारलं.

"शेवट पडद्यावर बघायचा. सगळाच फुकटात सांगायला मी काय वेडी आहे?"

हसण्याचा असा काही गलका झाला की साहेबाच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. "हे ठाणं आहे की बाजार?" क्षणात बाकाजवळ फक्त म्हातारी, पाकीटवाला आणि कुत्र्याची तक्रार उरली. साहेबाने आईला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि इतक्या वर्षांत जे बोलला नव्हता ते बोलला.

"तुला गंमत वाटते ना? मी वर्गात शिरलो की पोरं उभी राहायची आणि रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकायची. रोज. पोस्टरवर बाबा तसेच उभे होते ना, म्हणून. मास्तरसुद्धा हसायचे. मी पोलीस का झालो, काय वाटतं तुला? त्या वर्दीची इज्जत मी एकेक टाका घालून परत मिळवली. आता पुन्हा मला त्या खुर्चीपाशी नेऊ नकोस."

पोराला चिडवतात हे तिला माहीत होतं, पण तो ते अजून उराशी घेऊन बसलाय, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी तिने विचारलं, "तू पाहिलास का रे तो सिनेमा?"

"पोस्टर पाहिलं. तेवढं पुरे झालं."

ती काही बोलणार, तोच फोन वाजला. मोठे साहेब उद्या सकाळी तपासणीला येणार होते. त्यानंतर तिथे आईला कोण विचारतो? धावपळ सुरू झाली, झाडू निघाले, फायली कपाटांत कोंबल्या गेल्या. "उद्या येऊ नकोस," मुलगा घाईघाईने म्हणाला.

"बरं," म्हातारी म्हणाली. तिच्या या 'बरं'चा अर्थ तिच्या नवऱ्याला कळला असता.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा अंगणाच्या मधोमध एक नवीकोरी खुर्ची मांडलेली होती. पाठीवर पांढरा टॉवेल, तोंड ठाण्याकडे, पाठ फाटकाकडे. मोठे साहेब तिच्यावर बसून समोर रांगेत उभी असलेली माणसं न्याहाळणार होते. आणि खुर्चीशेजारी, कुणी बसू नये म्हणून, लंबू पहाऱ्यावर होता.

म्हातारी आणि लंबू एकमेकांकडे पाहत राहिले.

"आजी, नको," लंबू हळूच म्हणाला.

"पाय दुखतात रे," म्हातारी म्हणाली. ते खरंच दुखत होते. तिने टॉवेल सारखा केला, पिशवी खाली ठेवली आणि बसली.

रांगेत कुजबुज थांबली. लंबूचा तिला अडवायला निघालेला हात तसाच हवेत राहिला. "आजी," त्याने ओठ न हलवता विचारलं, "सिनेमात पुढे काय करतो तो?"

"येतोय बघ तो, त्यालाच सांगते," म्हातारी म्हणाली.

मुलगा टोपी हातात घेऊनच पायऱ्या उतरत होता. चेहरा पांढराफटक. "आई, ऊठ. गाडी कोपऱ्यावर आलीय."

"उठते. आधी सांग, पोस्टरवर काय होतं?"

"तुला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून सांग."

त्याने दात आवळले. "रिकामी खुर्ची. आणि तिला सलाम ठोकणारे बाबा."

"खुर्ची रिकामी नव्हती, बाळ. तिच्यात मी होते."

त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"हवालदाराच्या बायकोचं काम करणारी बाई शेवटाच्या शूटिंगच्या दिवशी आजारी पडली. ऊन उतरत चाललं होतं. मी यांचा डबा घेऊन गेले होते, तर दिग्दर्शक म्हणाले, वहिनी, तुम्हीच बसा. सिनेमात ती बायको डबा घेऊन चालत येते, पाय दुखतात म्हणून सरळ खुर्चीवर बसते. सगळे हादरतात. हवालदार विचार करतो, करतो, आणि मग टोपी नीट करून तिला सलाम करतो. ज्या खुर्चीपायी तो मरमर मेला, तिच्यावर बसायच्या लायकीचं माणूस त्याला सापडतं. तो शेवट आहे. पोस्टर रंगवणाऱ्याला निर्मात्याने सांगितलं, या बाईला कोण ओळखतं, काढून टाक. त्याने मला पुसलं आणि खुर्ची तेवढी ठेवली. माझ्या सासरच्यांनी सुनेचं तोंड पडद्यावर दिसलं म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, तेव्हा घरात तो विषयच बंद झाला. मला वाटलं, तुला माहीत असेल. तू जन्मभर समजत राहिलास की तुझा बाप लाकडाला सलाम ठोकत होता. मला फार वाईट वाटतं रे त्याचं. पण तो हसवत होता. त्याचं हसं तुम्ही लोकांनी केलंत."

बाहेर गाडीची दारं वाजली. फाटक करकरलं.

मुलाने हातातल्या टोपीकडे पाहिलं. उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं. म्हातारीला ते तिच्या नवऱ्याने आरशासमोर शिकवलं होतं. त्याने टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली, टाचा जुळवल्या आणि खुर्चीला असा कडक सलाम ठोकला की मागची सगळी रांग आपोआप तशीच उभी राहिली.

फाटकातून आत येणाऱ्या मोठ्या साहेबांना वाटलं, सलाम आपल्यालाच आहे. त्यांनीही प्रसन्न होऊन हात कपाळाला लावला. मिशीवाल्याच्या मिशा थरथरू लागल्या, पण त्याने निभावून नेलं.

मोठे साहेब खुर्चीला वळसा घालून पुढे आले आणि थबकले. "या कोण?"

"माझी आई आहे, साहेब."

"आणि माझी खुर्ची?"

सगळी रांग आपापल्या बुटांकडे पाहू लागली. मुलगा या वेळी खाकरला नाही. "ही हिची आहे, साहेब. तुमच्यासाठी दुसरी आणायला सांगितलीय."

असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लंबू आत पळाला.

म्हातारी खरं तर उठणार होती. गुडघ्यांवर हात टेकून ती अर्धी उठलीही होती. मुलाचं बोलणं कानावर पडलं तशी ती पुन्हा मागे टेकून नीट बसली आणि पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.

"त्या पत्रावर सही तेवढी आजच कर," ती म्हणाली. "तोवर मी इथेच आहे."