खिशातला सूर

मी एक जुना नादकाटा आहे. नाव काट्याचं असलं तरी टोचणं माझ्या स्वभावात नाही. वर पोलादाची दोन बोटं आणि खाली एक दांडी, एवढाच माझा देह. मला गुडघ्यावर आपटलंत की मी एक सूर देतो. दुसरा मागितलात तर तो माझ्याकडे नाही, उगाच आशा लावू नका.

मित्रांनो, माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि शेजारी कुणी बोललं की खेकसायचा. माझा सूर आधी थोडा खाली होता. त्याने कानशीने माझी टोकं घासली, तसा तो वर चढला. जरा जास्तच चढला, म्हणून त्याने बेचक्यात घासून तो पुन्हा उतरवला. असं किती वेळा झालं कोण जाणे! शेवटी मला कानाशी धरून तो म्हणाला, "हं, आता मरेपर्यंत असाच राहा." मी तसाच राहिलो. हवं तर हट्टी म्हणा.

वाद्यांच्या दुकानातून मला एका शाळेतल्या बाईंनी घेतलं. बाई बुटक्या, पण आवाज खणखणीत. दर शनिवारी संध्याकाळी लाँड्रीच्या माडीवर त्या एक गायनवृंद चालवायच्या. खालून इस्त्रीची वाफ यायची, गरम कपड्यांचा वास यायचा. वृंदात बसचा ड्रायव्हर होता, लाँड्रीची मालकीण होती, दोन शिंपी भाऊ होते, कान-नाक-घशाच्या वॉर्डातली एक नर्स होती आणि असेच आणखी बरेच जण. वाद्य मात्र एकही नव्हतं. सगळा मामला नुसत्या गळ्यांचा.

आणि हे गायचे काय? तर कविता! त्याही आजच्या, अजून हिंडत्याफिरत्या माणसांनी लिहिलेल्या. त्यांना चाली लावायचा टपाल कचेरीतला एक कारकून. त्याला सगळे टपालदादा म्हणत. एका ओळीत तो उंच आवाजाच्या बायकांना एकीकडे पाठवायचा, जाड आवाजाच्या पुरुषांना दुसरीकडे, आणि शेवटच्या शब्दावर सगळ्यांना असा काही एकत्र आणायचा की लाँड्रीतल्या इस्त्र्या थांबायच्या. ड्रायव्हर एकदा म्हणाला, "शाळेत कविता पाठ केली ती मार चुकवायला. आता मेली गिअर टाकतानासुद्धा तोंडात येते." कविता डोळ्यांनी वाचली की पानासरशी उलटून जाते. इथे एकेक ओळ महिनाभर तोंडात घोळायची, तिच्यातला साधा 'आणि'सुद्धा कधी उगाच वाटायचा नाही.

त्यांची एक रीत मला फार आवडायची. लांब ओळ आली की शेजारी श्वास घेत असताना आपण घ्यायचा नाही. तो गात असताना आपण गुपचूप घ्यायचा. त्यामुळे ओळ कधी तुटायचीच नाही. कुणाचा दम संपला तरी बाकीचे ती धरून ठेवायचे.

माझं काम सुरुवातीपुरतं. बाई मला गुडघ्यावर आपटायच्या, कानाशी धरायच्या, तोंडातल्या तोंडात सूर गुणगुणायच्या. त्यावरून जो तो आपापला सूर उचलायचा. मग मी खिशात, खडूच्या तुकड्यांशेजारी. ज्या गाण्याला मी जन्म द्यायचो, ते मी कापडाआडून ऐकायचो. सगळी माडी एकमेकांत मिसळून जायची आणि मी एकटा बाहेर. गाणं संपलं की मला पुन्हा काढून बघायचे, मंडळी घसरली का ते. बहुतेक वेळा घसरलेली असायची. सगळे मिळून खाली आले की कुणाच्या लक्षात येत नाही. मी खरं सांगायचो आणि सगळे माझ्याकडे रागाने बघायचे. खरं बोलणाऱ्याचं हे असंच होतं.

एका शनिवारी नर्सने स्वतः लिहिलेल्या कवितेचा एक चिठोरा बाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचू नका हं मोठ्याने. मला रडू येतं." तिची आई नुकतीच गेली होती. घरी आता ती एकटीच. कविता अशी होती:

*किल्ली फिरते, दार उघडते,*
*सवयीनं म्हणते, आले गं.*
*घर ऐकतं.*
*घर काही बोलत नाही.*

टपालदादाने तिला चाल लावली. 'आले गं' आधी वृंदातली एकच जण म्हणणार, मग दुसरी, मग तिसरी, होता होता सगळे. शेवटी ते दोन शब्द उंच चढून लांबच लांब राहणार, आणि मग एकदम शांतता. जी ओळ नर्सला एकटीला वाचवत नव्हती, तीच ती आता सगळ्यांच्या मधोमध उभी राहून गाऊ लागली. ती अडखळली की शेजारणी ओळ धरायच्या. "घरी म्हणते तेव्हा घर खायला उठतं," ती एकदा बाईंना म्हणाली. "इथे म्हणते तेव्हा तसं नाही होत." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्याही घरी कुणी नव्हतं.

याच सुमारास एक गोष्ट फक्त मला कळली. बाई मला आपटायच्या आणि मी थांबेपर्यंत कानाशी धरून ठेवायच्या. मग पुन्हा आपटायच्या, आधीपेक्षा जोरात. त्यांना मी ऐकू येईनासा झालो होतो! मी जीव तोडून थरथरायचो. बाई मात्र अंदाजाने सूर लावायच्या. तो कधी बरोबर यायचा, कधी चुकायचा.

मोठ्या कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. नर्सची कविता शेवटी ठेवली होती. बाईंनी मला आपटलं, कानाशी धरलं आणि सूर दिला. बापरे, केवढा वर! पंचाईत ही, की सगळ्यांना ते कळलं. ड्रायव्हरने टपालदादाकडे पाहिलं, टपालदादाने जमिनीकडे. चारचौघांत बाईंना कसं टोकायचं? इतक्या वर्षांच्या मानापोटी सगळ्यांनी तोच चुकीचा सूर उचलला. पुढे व्हायचं ते झालं. शेवटचं 'आले गं' इतकं उंच गेलं की बायकांचे आवाज फाटले. एकीचा दम संपला, दुसरीचाही संपला, धरायला कुणी उरलंच नाही. ओळ तुटली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

बाईंना ते हसूही ऐकू गेलं नाही. पण नर्सचा चेहरा त्यांनी पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईवरची कविता मी मोडली गं." आणि मला घेऊन घरी आल्या.

त्यानंतर मी खणात पडलो. सोबतीला सुटी बटणं, एक मोडका चष्मा आणि वाळलेली पेनं. बाईंनी वृंद सोडला. कानाचं यंत्र आणलं, पण ते लावलं की सगळं जग पातेली आपटल्यासारखं वाजतं म्हणून काढून ठेवलं. भाचा यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "मावशी, जेवलीस का?" बाईंना शब्द कळायचे नाहीत, त्याचा ताणलेला चेहरा तेवढा दिसायचा. त्यांना वाटायचं, हा आपल्यावर चिडलाय. हळूहळू त्यांनी बोलणंच टाकलं. वृंदातलं कुणी फिरकलं नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं, असं सगळ्यांना झालं असावं. तिकडे माडीवर आता फोनमधून सूर काढतात म्हणे. मला फार वाईट वाटलं. खणात मी रोज वाट पाहायचो, कुणी नुसतं हात लावेल म्हणून.

एका सकाळी नर्स आली. घंटा वाजवून वाजवून थकली, तेव्हा शेजाऱ्यांकडची किल्ली आणून तिने दार उघडलं. ती ओरडली नाही. खुर्ची ओढून बाईंच्या अगदी समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "बाई, त्या दिवशी सूर चुकला ते आम्हाला कळलं होतं. बोललो नाही. ओळ आम्ही सगळ्यांनी मिळून तोडली. तुम्ही एकटीने नाही."

बाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले.

"काटा कुठंय?" नर्सने विचारलं आणि खुणेने गुडघा दाखवला.

बाईंनी खण उघडला. काय सांगू मित्रांनो, मला काय झालं ते! नर्सने मला आपटलं, पण कानाशी धरलं नाही. माझ्या दांडीचं टोक तिने बाईंच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. वॉर्डात माझे भाऊबंद हेच काम करतात, ते तिने रोज पाहिलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हाडातून वाजलो. कान बंद होता, पण हाडाची वाट उघडी होती. बाईंचे डोळे मोठे झाले. "अगं, हा तर तोच!" त्या म्हणाल्या आणि गुणगुणल्या. सूर अगदी अचूक.

मग नर्सने आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं आणि हळूच गायली, "किल्ली फिरते, दार उघडते..." बाईही गाऊ लागल्या. एकीचा दम संपला की दुसरी धरत होती. शेवटचं 'आले गं' दोघींनी लांबच लांब नेलं. मी या खेपेला खिशात नव्हतो, बाईंच्या मुठीत होतो. नंतर शांतता आली, चालीत आहे तशीच.

कवितेत त्या शांततेला उत्तर नाही. पण बाईंनी नर्सचा चेहरा हातात धरला आणि म्हणाल्या, "ये गं बाळा. ये."

नर्स लहान मुलीसारखी रडली. आता ती सुट्टीच्या दिवशी येते, आणि आली की दारातच जमिनीवर पाय दोनदा आपटते, म्हणजे बाईंच्या तळव्यांना कळतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला ऐकू येईनासं झालं, तर दारातून ओरडू नका. जवळ जा, समोर बसा, हात धरा. आणि एखाद्या खणात माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला एकदा बाहेर काढून गुडघ्यावर आपटा. आम्ही बरेच दिवस वाट पाहिलेली असते.