पाच टाक्यांना एकच पिंप

विनोदकाका बोटीवर गेला की त्याच्या माशांच्या पाचही टाक्या माझ्या ताब्यात. बादल्या वाहून खांदे मोडून निघाले, म्हणून या वेळी मी डोकं चालवलं. पडवीच्या कठड्यावर पिंप, पिंपाला नळी, नळीला प्रत्येक टाकीवर एक चावी. जुनं पाणी दुसऱ्या नळीने थेट जास्वंदीला! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून मला कोणाला काही विचारावंसंच वाटत नव्हतं.

"पिंप कुठलं गो?" दीपालीकाकूने जाता जाता विचारलं.

"मिळालं एक! तू आता बादल्या विसर, काकू!"

शनिवारी संध्याकाळी पाचही चाव्या एकदम फिरवल्या. काय भारी वाटलं! काकाला लगेच मेसेज टाकला. पाणी किंचित गुलाबी दिसत होतं. म्हटलं, उन्हं कलली आहेत, त्याचा रंग.

रविवारी सकाळी एंजल माशांची जोडी आडवी तरंगत होती. काकाने नखाएवढी असल्यापासून वाढवलेली जोडी. बाकीच्या टाक्यांतले मासेही वर येऊन तडफडत होते.

काकू धावत आली. "माझ्यामुळे झालं गो. काल मी इथे झुरळांचं औषध मारलं. तुझा काका बजावून गेला होता, टाक्यांजवळ मारू नको म्हणून."

मी पिंपात डोकं घातलं. आंबट वास. तळाला लाल गाळ, भिजून सुटलेला. पिंप आगळाचं होतं. वर्षभर मीठ घातलेला कोकमाचा रस त्यात असतो. रिकामं दिसलं म्हणून मी माळ्यावरून काढलं, दोनदा खंगाळलं, झालं. निदान आधी एकच चावी फिरवून बघितली असती, तर एका टाकीवरच निभावलं असतं.

मी काकूला काहीच बोलले नाही.

उरलेले मासे आम्ही विहिरीच्या पाण्यात हलवले. काकू सारखी डोळे पुसत होती. "त्याला मीच सांगते. तू मध्ये पडू नको, उगाच तुला ओरडेल." मला इतकं हलकं वाटलं, की माझीच मला शिसारी आली.

दुपारी काकाचा व्हिडिओ कॉल आला. "काय म्हणतात इंजिनीअरबाई? चालली का तुझी नळी?"

काकूने फोन घेतला. "अहो, ऐका ना. माझ्याकडून..."

मी फोन ओढलाच. "काका, काकूचं काही नाही यात. मी आगळाचं पिंप लावलं. एंजल गेले."

काका स्क्रीनजवळ आला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं. काकूला दे फोन."

काकू पडवीच्या टोकाला जाऊन बोलत राहिली. परत आली ती ओरडली नाही, जवळही घेतलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सकाळपासून रडू दिलंस गो मला."