लतिकाचा रकाना

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने शांतपणे बोलावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी प्रयत्न करीन, पण जमेलच असे नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पातळ पत्र्यावर चकचकीत पांढरा थर, चारी बाजूंना ॲल्युमिनियमची पट्टी आणि खाली मार्कर ठेवायला अरुंद खाच, एवढेच माझे रूप. आल्मेरे गावातल्या एका दुकानात मी दोन वर्षे भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. मग २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे नेदरलँड्समधल्या शाळा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात लतिकाने मला विकत घेतले. सायकलच्या मागे दोरीने बांधून तिने मला घरी आणले. समोरून असा वारा सुटला होता की सायकल दोनदा आडवी होता होता वाचली. पण तिने मला पडू दिले नाही.

लतिका मूळची पुण्याची. तिचा नवरा राजन आयटीतला. त्याला इथे नोकरी मिळाली तेव्हा ती त्याच्या व्हिसावर त्याच्याबरोबर आली. त्यांची मुलगी ईशानी अकरा वर्षांची. मला जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर जागा मिळाली. सकाळी माझ्यावर ईशानीचे अपूर्णांक, दुपारी लतिकाचे डच शब्द आणि वरच्या कोपऱ्यात कायम राजनच्या मीटिंगच्या वेळा. त्यांच्याखाली लाल अक्षरांत लिहिलेले असे, 'आवाज करू नका.'

ईशानी गावातल्या क्लबात हॉकी खेळत असे. इथल्या क्लबांत आईवडिलांनाही कामे वाटून दिलेली असतात. कोणी कॉफी करते, कोणी संत्री चिरते, आणि आळीपाळीने प्रत्येकाला मुलांच्या सामन्यात शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे राहावे लागते. त्यासाठी आधी नियमांची परीक्षा द्यावी लागते. राजनला वेळ नव्हता, म्हणून लतिका परीक्षेला बसली. २०२० च्या हिवाळ्यात तीन आठवडे माझ्या अंगावर गोलसमोरची अर्धवर्तुळे होती. पेनल्टी कॉर्नरला कोण कुठे उभे राहते, बरोबरी सुटली नाही की होणाऱ्या शूट-आउटला किती सेकंद मिळतात, सगळे तिने माझ्यावर काढून पाठ केले. पहिल्यांदा ती नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली, तेव्हा टाळ्या वाजवत राजनकडे गेली. त्याच्या कानांवर हेडफोन होते. स्क्रीनवरून नजर न हलवता तो म्हणाला, "छान, छान."

पुढे पालकांना मैदानावर येण्यास बंदी झाली. मग लतिका कुंपणाबाहेर सायकल धरून उभी राहायची आणि फांद्यांमधून सामना बघायची. मोठ्या संघांचे सामने ती कपड्यांच्या घड्या घालता घालता लॅपटॉपवर बघायची. घरात तिच्याइतकी हॉकी कोणीच बघितली नव्हती. हे मला ठाऊक होते. ईशानीलाही ठाऊक होते.

२०२१ च्या वसंतात राजनचा मोठा भाऊ श्यामकांत याने एक टूम काढली. तो ब्रेडा शहरात राहायचा. त्याच्या घरात चार माणसे, आणि निर्बंधांमुळे इतके पाहुणे एकदम बोलावता येत नव्हते. दोन्ही घरांना एका टेबलावर जेवून वर्ष होऊन गेले होते. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "बायकांच्या हॉकीचे प्ले-ऑफ सुरू होतायत. आपण घरच्या घरी पूल करू, म्हणजे अंदाजांची स्पर्धा. प्रत्येकाने अंदाज लिहायचे. जो शेवटचा येईल त्याने, भेटायला मिळालं की सगळ्यांना मिसळ करून घालायची."

राजनने पट्टीने माझ्यावर चार रकाने आखले. श्यामकांत, राजन, ईशानी, लतिका. श्यामकांतच्या घरातल्या बाकीच्यांना हॉकीत रस नव्हता. चौथे नाव ऐकून श्यामकांत मोठ्याने हसला. "लतिकापण? बरं झालं. कुणीतरी शेवटचं यायलाच हवं."

संघांची नावे लांबलचक, म्हणून त्यांनी शर्टांचे रंगच लिहिले. पहिली उपांत्य लढत निळे विरुद्ध पिवळे. बाकी तिघांनी पिवळे लिहिले. राजन वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असताना लतिका माझ्यासमोर आली, बराच वेळ उभी राहिली आणि तिने लिहिले, 'निळे. २-२, मग शूट-आउट.' ईशानीने कारण विचारले. लतिका म्हणाली, "पिवळ्यांची पेनल्टी कॉर्नरला धावून येणारी मुलगी तीन आठवडे लंगडतेय. आणि निळ्यांची गोलरक्षक बघ, कशी पटकन पुढे येते. शूट-आउटला तीच भारी पडणार." दुसऱ्या लढतीसाठी तिने लिहिले, 'लाल, ३-१.'

दोन्ही अंदाज तंतोतंत खरे ठरले. निळ्यांच्या गोलरक्षकाने शेवटचा चेंडू अडवला तेव्हा ईशानी सोफ्यावर उभी राहून ओरडली. स्क्रीनवर श्यामकांत थक्क झाला होता. तो म्हणाला, "राजन, लेका, मानलं तुला! स्वतःच्या रकान्यात चुकीचं लिहिलंस आणि खरे अंदाज बायकोच्या नावावर टाकलेस!"

राजनने माझ्याकडे पाहिले. मग तो गालात हसला आणि म्हणाला, "अरे दादा, घरात चर्चा तर होतेच."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी भिंत हादरवली असती. कसली चर्चा? कधी झाली? ते अक्षर कोणाचे होते ते मला विचारा! त्या माणसाला पिवळ्यांची कोणती मुलगी लंगडते हे सोडाच, पेनल्टी कॉर्नर कशाने मिळतो हेही धड सांगता आले नसते.

ईशानीला चीड आली की मराठी मागे पडते आणि तोंडात डच येते. "बाबा, डाट क्लॉप्ट नीट! हे बरोबर नाही!"

"ईशू, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," राजन म्हणाला.

"मग तुम्हा दोघांचा मिळून एकच रकाना करा," श्यामकांतने निकाल दिला. राजनने डस्टर उचलला. लतिकाचे नाव पुसले, मधली रेघ पुसली आणि वर लिहिले, 'राजन-लतिका'.

ती हातात चहाचे गाळणे घेऊन मागेच उभी होती. "राजन, ते मी लिहिलं होतं."

"अगं, खेळ आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

खेळ होता, तर नाव का पुसले? खेळातलेही खरे बोलायला त्याच्या जिवावर का आले? त्या आठवड्यात घरात भांडण झाले नाही. ती नेहमीसारखी वागली, फक्त माझ्याकडे पाहायचे टाळत होती. मला ते फार लागले.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर आली. फ्रीझरमधल्या डब्यांवर नावे घालायचा काळा मार्कर तिच्या हातात होता. रकान्यांच्या खाली, मोकळ्या जागेत तिने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'लतिका. निळे ३, लाल २.'

राजन धावत आला. "अगं, हा पर्मनंट मार्कर आहे!"

"माहीत आहे."

आणि निळे हरले, मित्रांनो. चार-एक असे सपाटून हरले. ईशानीने लाल लिहिले होते, तिचा अंदाज बरोबर निघाला, पण तिलाही नाचावेसे वाटेना. श्यामकांत समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे गं लतिका. हा अंदाज राजनचा असणार."

लतिकाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि समोर बसली. "नाही भाऊजी. ही चूक माझी आहे. निळ्यांची गोलरक्षक लवकर पुढे येते हे लाल संघाने हेरलं आणि चेंडू तिच्या डोक्यावरून टाकले. मला ते आधी दिसायला हवं होतं. ही चूक माझ्याच नावावर लिहा. आणि मागचे दोन्ही अंदाजही माझेच होते. राजनला विचारा."

राजन टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. अखेर म्हणाला, "हो दादा. तिचेच होते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?" श्यामकांतने विचारले.

राजन उठला, त्याने 'राजन-लतिका' पुसले आणि पट्टीने पुन्हा चार रकाने आखले. एकही अंदाज न जुळल्याने त्यात शेवटचा तोच आला. काळी अक्षरे मात्र त्याने तशीच ठेवली. सॅनिटायझरने ती निघाली असती, आणि त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली टेबलावरच असे.

जूनमध्ये चार पाहुण्यांना घरी यायची परवानगी मिळाली. राजनने मिसळ केली. रस्सा पातळ झाला होता. जेवताना श्यामकांतने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "लतिका, तो पेनल्टी कॉर्नर मला जरा नीट समजावून सांग." तिने अर्धवर्तुळ काढले आणि बोलू लागली. श्यामकांतने तीनदा शंका विचारल्या. त्याच्या ताटलीतली मिसळ निवून गेली.

आता शाळा आणि ऑफिसे उघडली आहेत. मी मागच्या शेडमध्ये सायकलींशेजारी उभा आहे. ओलीने माझ्या कडा गंजू लागल्या आहेत. लतिका दर शनिवारी गळ्यात शिट्टी अडकवून माझ्यासमोरून सायकल काढते. तिने राजनला केव्हाच माफ केले. मी अजून केलेले नाही.

मित्रांनो, फळ्याला ओलीत ठेवू नका, मऊ फडक्याने पुसत जा, एवढे तर मी मागणारच. पण त्याहून मोठी मागणी आहे. घरात आई, बहीण किंवा आणखी कोणी शहाणपणाचे काही बोलले आणि बाहेरचा कोणी तुम्हाला शाबासकी देऊ लागला, तर गालात हसू नका. ते कोणी सांगितले, त्याचे नाव घ्या. लगेच घ्या, आणि मोठ्याने घ्या.